भांगात की भांगंत

खाडीकाठच्या दिवाळे गावच्या धक्क्यावर त्या दुपारी ती आली, तेव्हा बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांनीसुद्धा माना वळवल्या. हे माझं म्हणणं नाही, बयाबाईचं आहे, आणि बयाबाई मासळीच्या भावाखेरीज कशातही खोटं बोलत नाही.

अबोली रंगाची साडी, खांद्याला शबनम आणि हातात चपला. त्यातली एक चप्पल खाडीच्या चिखलाने आधीच मागून घेतली होती आणि मोठ्या मिनतवारीने परत दिली होती. मुलीचं नाव विजयमाला जगदाळे. बेलापूरच्या एका शाळेत नुकतीच लागलेली मराठीची बाई. मूळची कोरेगावकडची, म्हणजे समुद्राशी ओळख जेमतेम चार महिन्यांची. आठवीच्या मुलांना घारापुरी दाखवायची म्हणून ती बोट ठरवायला आली होती.

बोट समोरच होती, चिखलात कुशीवर झोपलेली. बोटीतून दोन पाय बाहेर आले होते. उरलेला माणूस इंजिनाखाली होता.

"अहो…" विजयमाला पायांना म्हणाली, "ही बोट भाड्याने मिळेल का? येत्या शनिवारी?"

"शनवारी नाय जमनार," पाय म्हणाले. "भांग हाय."

तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला. सकाळी शाळा गाठायच्या घाईत तिने आरशाशिवायच केस विंचरले होते.

"आहे," ती जरा ताठ होत म्हणाली. "मग?"

"मग काय. भांगात बोट नाय निघत. भांग सरू दे. पुनवेला या, तुमाला पायजे तिथं नेतंव."

"माझ्या भांगाशी तुमच्या बोटीचा काय संबंध?"

पाय हलायचे थांबले. मग हळूहळू गुडघे, बनियन, कोपरापर्यंत काळे हात आणि कपाळावर ग्रीसचा पट्टा असा सगळा मितेश बाहेर आला. गोटीराम तांडेलाचा धाकटा. डिप्लोमा झाल्यावर कंपनीची नोकरी चालून आली होती, ती सोडून गावातल्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या केसांकडे, आणि तिथे त्याची नजर गरजेपेक्षा जरा जास्त वेळ राहिली.

"तुमचा भांग…" तो म्हणाला, "जरासा वाकडा हाय. पन त्याच्यानं बोट नाय अडत."

विजयमालाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिथून निघून जावं की याला दोन शब्द सुनवावेत, हे ठरेपर्यंत त्याने कोपराने खाडी दाखवली. हात काळे असले की तो कोपरानेच सगळं दाखवायचा.

"मी पान्याचा बोलतंव, मॅडम. अमावस-पुनवेला भरतीला जोर असतो, ते उधान. अष्टमीच्या टायमाला जोर नसतो. पानी येतं, पन धक्क्याला लागत नाय, अर्ध्यातनंच मागं फिरतं. बोट चिखलातनं उठतच नाय. त्याला आमी भांग बोलताव."

"अगंबाई…" ती पुटपुटली. "भांगाची भरती. भूगोलाच्या पुस्तकात होतं की हे. मी पाठ केलं होतं."

"मार्क भेटले?"

"पैकीच्या पैकी."

"मग झाला. मार्क भेटल्यावर पानी कोन बगतो?"

"बघते आहे ना आता," विजयमाला म्हणाली. आणि ती पाण्याकडे बघत नव्हती, हे दोघांनाही एकदमच कळलं.

पुनवेला बोट निघाली. मुलं लेणी बघून आली, कोण कुणावर ओकलं याचे निबंध लिहून झाले. बाईंचं काम संपलं. तरी पुढच्या शनिवारी बाई पुन्हा धक्क्यावर.

"आता काय पायजे?" मितेशने विचारलं. त्या दिवशी त्याचे हात स्वच्छ होते. रॉकेलने धुऊन वर साबण लावलेला, त्यामुळे जवळ गेलं की दिवाबत्तीचा आणि चंदनाचा वास एकदमच यायचा.

"शब्द पाहिजे."

"कंचा?"

"तुमचा भांग. तो आला कुठून?"

"सांगितला की तुमाला, चंद्र…"

"पाणी कुठून येतं ते नाही विचारत. शब्द कुठून आला?"

इंजिनाच्या नुसत्या धापेवरून मितेशला त्याचं दुखणं कळायचं. पण शब्द कुठून आला हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मात्र माहीत नाही असं म्हणेल तर तो दिवाळ्याचा कसला? तो तिला सरळ आपल्या बापासमोर घेऊन गेला.

गोटीराम तांडेल ओट्यावर जाळं शिवत बसले होते. त्यांनी प्रश्न ऐकला, सुई दातात धरली, पुन्हा काढली.

"आयक बाय. पयला दर्या रोज उधानलेला असायचा. रोज. कोल्याला येक दिवस सुट्टी नाय. माझ्या आज्याचा आजा वैतागला. बायकोचा तोंड बगाला मिलत नव्हता त्याला. मग त्यानं काय केला, अष्टमीला होडीभर भांग घोटली नि दर्याला पाजली. दर्या सुस्त झाला. उठाला गेला नि अर्ध्यातच बसला. तवापासनं अष्टमी आली का दर्याचे डोले जड होतात. आमी मोकले. जाली शिवा, सोयऱ्यांकडं जा. आमची समदी लगनाची बोलनी भांगातच होतात, ती त्या म्हाताऱ्याची किरपा."

"आणि एवढी भांग त्यांनी आणली कुठून?" विजयमालाने विचारलं.

"ते मना नाय सांगितला त्यानं," गोटीराम गंभीरपणे म्हणाले.

अंगणात सुकट निवडणारी बयाबाई फसकन हसली. "गोटीराम दर्यावानी मोठा नि दर्यावानीच लबाड. तू मना विचार, बाय. खाडी बाईमानूस हाय. पुनवेला केस मोकले सोडून घुमते. अष्टमीला इंचराला बसते. तवा पानी दोन बाजूंना होतं नि मधी वालूची पांढरी रेग दिसते. तो तिचा भांग. भांग काढताना बाई हलंल कशी? म्हनून पानी हलत नाय."

परत जाताना बांधावरून विजयमाला म्हणाली, "मला वाटतं, तिन्ही भांग एकाच घरातले असावेत. संस्कृतात भंग म्हणजे मोडणं. केस मधोमध मोडले की भांग. पाण्याचा जोर मोडला की भांग."

"आनि प्यायची?"

"ती प्यायली की माणूस मोडतो."

"हे नक्की?"

"नक्की काहीच नाही. शब्दांना त्यांचं कूळ विचारलं की तेही थापा मारतात, तुमच्या बाबांसारख्या."

मितेश हसला नाही. "मोडनं… मना नाय आवडला. आमच्या भांगात तर मानसं जोडतात."

मराठीच्या बाईंनी चालता चालता वळून त्याच्याकडे बघितलं. त्या गडबडीत पाय घसरला. मितेशने धरायला सवयीने कोपर पुढे केलं, पण तिने कोपर सोडून हात धरला. बांध संपला, रस्ता आला, रिक्षास्टँड आलं, तरी हात तिथेच होता.

मग हिवाळाभर शनिवार उगवत राहिले. दिवाळ्यात असं म्हणतात की त्या हिवाळ्यात आठवड्याला दोन-दोन शनिवार यायचे. ती कधी शाळेतून परस्पर यायची, कधी घरी जाऊन साडी बदलून. एकदा तिने भांग मुद्दाम उजवीकडून काढला. मितेश इंजिनात डोकं घालून होता. वर न बघताच म्हणाला, "उजवीकडं बरा दिसतो. पन मना वाकडाच आवडतो."

"वर न बघता कसं कळलं?"

"तुमी लांबून येत होतात तवाच बगून घेतला."

दिवाळं तिला आता परकं राहिलं नव्हतं. वल्हं मारणाऱ्यांचे, जाळ्याचे, चिखलाच्या जातींचे शब्द ती एकेक करून उचलायची आणि शिक्षकांच्या खोलीत ऐटीत वापरायची. आणि गंमत अशी की, तिने विचारायला लागल्यापासून गावालाही आपल्या बोलण्याचा तोरा चढला होता. पोरं शाळेत 'पानी' म्हणताना आधी जीभ चावायची. आता खुशाल म्हणायची आणि वर सांगायची, बाईंना विचारा.

शिमगा जवळ आला आणि विजयमालाने घरी बोलायचं ठरवलं. ठरवावंच लागलं. गावाकडे तिच्या मामाने एक स्थळ धरून ठेवलं होतं. पाडव्याला सुपारी फोडायची असं त्याचं पत्रही आलं होतं.

तिचे वडील सुभेदार मारोतराव जगदाळे. पलटणीतून निवृत्त होऊन बेलापुरातल्या एका कचेरीत सुरक्षा अधिकारी झालेले. शेताकडे बघायला आई गावी राहिलेली, इथे बापलेक दोघंच. सुभेदार घरातही असे उभे राहायचे की भिंतीवरचं कॅलेंडर सरळ व्हावं.

सगळं ऐकून ते म्हणाले, "जात येगळी हाय म्हनून मी न्हाई म्हननार न्हाई. पलटनीत एका ताटात जेवलोय मी सगळ्यांसंगं. पन दोन गोष्टी बघनार. मानूस शब्दाचा पायजे आन् शुद्धीवरचा पायजे. निशेपायी चांगली चांगली पोरं मातीत गेलेली बघितल्यात. पाडव्याच्या आत त्यास्नी येऊ दे. पटलं तर मामाला मी सांगीन. न्हाई पटलं तर पाडव्याला गावी."

निरोप दिवाळ्याला पोचला. जगदाळ्यांकडे फोन नव्हता. शेजारच्या दिलीपरावांकडे होता. गोटीराम तांडेल गावातल्या बूथवर गेले आणि बेलापूर खाडीपलीकडे असल्यासारखे ओरडले, "सुभेदारांना सांगा, शिमगा झाला का भांगात येताव."

रिवाजाप्रमाणेच बोलले ते. शिमग्याला उधाण, पुढे अष्टमीला भांग, तेव्हा बोटी धक्क्याला आणि माणसं मोकळी. यापेक्षा मानाची वेळ कोळ्याकडे नसते.

पण दिलीपराव पडले कराडचे. तिकडे शाळेत जात नाहीत, शाळंत जातात, आणि भांग प्यायलेला माणूस भांगंत असतो. त्यांच्या कानाने तो शब्द आपल्या गावच्या पाण्यात धुऊन घेतला. दार ठोठावून ते सुभेदारांना म्हणाले, "दिवाळ्याचा फोन होता. शिमग्याला भांगंत येतो म्हणाले."

"भांगंत?"

"होय. चांगलं ओरडून म्हणाले."

संध्याकाळी विजयमाला घरी आली तेव्हा सुभेदार हात पाठीमागे बांधून खिडकीशी उभे होते.

"पोरगी मागायला येनार, आन् भांगंत येनार. वर फोन करून सांगत्यात."

क्षणभर तिला कळेना. मग कळलं, आणि ती हसली. तेवढं एक तिने करायला नको होतं.

"बाबा, भांगंत नाही, भांगात."

"त्येच म्हनलो मी."

"नाही. पितात ती भांग स्त्रीलिंगी. यांचा भांग पुल्लिंगी आहे. मध्ये काना आहे."

"पिनाऱ्याला काना काय आन् मात्रा काय."

"अहो, भांग म्हणजे कमी जोराची भरती—"

"भरती?" सुभेदार वळले. "भरती तू मला शिकवनार? छाती मोजून भरती झालोय मी."

"समुद्राची भरती, बाबा."

"आजवर असा शब्द आमच्या कानावर न्हाई. त्या पोरासाठी तू उद्या भाकरीला बी पुल्लिंगी करशील. विषय संपला. पाडव्याला गावी."

दुसऱ्या दिवशी तिने धक्क्यावर सगळं सांगितलं, तेव्हा मितेशचा चेहरा उतरला आणि गोटीरामांचा चढला.

"बाबा, येकदा जाऊन सांगा ना त्याना," मितेश म्हणाला.

"काय सांगू? का मी शुद्धीवर हाय?" गोटीरामांनी जाळं बाजूला टाकलं. "आमी कोली घेतो तर उघड घेतो, नि घेतो ती दारू. भांगेला माझ्या बापजाद्यांनी हात नाय लावला."

"मग समुद्राला पाजली ती?" विजयमालाच्या तोंडून गेलंच.

"ती दर्याला पाजली, बाय. आमी कुठं प्यायलो?" ते क्षणभरही अडखळले नाहीत. "नि आयक. त्यांच्या सेक्टरात म्हशी डुंबत होत्या तवापासनं हा शब्द आमच्या तोंडात हाय. ज्याला त्याचा अर्थ पायजे त्यानं हितं यावा. मी माझ्या शब्दाची जामीनकी द्याला कोनाच्या दारात जानार नाय."

एक माणूस येणार नाही, दुसरा बोलावणार नाही. मधे विजयमाला आणि पाडवा.

त्या संध्याकाळी ती घरी गेली ती गाल फुगवून नाही, रडून नाही. वडिलांसमोर त्यांच्यासारखीच ताठ उभी राहिली.

"बाबा, पैज लावता?"

"कसली?"

"शिमग्यानंतरच्या अष्टमीला दिवाळ्याच्या धक्क्यावर यायचं. संध्याकाळच्या भरतीला. धक्क्याची सगळ्यात वरची पायरी पाण्याने भिजली, तर मामा म्हणेल त्याच्याशी लग्न करीन. पुन्हा नाव काढणार नाही. नाही भिजली, तर तो शब्द खरा, आणि तुम्ही त्या माणसांना भेटायचं. त्यांच्या दारात जाऊन."

"शब्दावर लगीन लावतीस?"

"तुम्हीच म्हणालात, माणूस शब्दाचा पाहिजे."

सुभेदारांनी लेकीकडे पाहिलं. त्यांना राग आला असावा, पण मिशी मात्र अभिमानाने थरथरली. "लावली," ते म्हणाले.

फौजी माणूस, जागा हेरल्याशिवाय लढायला उतरत नाही. धुळवडीच्या दुपारी, सगळं बेलापूर रंगात असताना, सुभेदार पांढऱ्या कपड्यांत दिवाळ्याला जाऊन आले. पाणी धक्क्याच्या वर चढून खेळत होतं. वरची पायरी दिसतसुद्धा नव्हती, त्यांचे बूट भिजले. घरी आल्यावर त्यांनी मुलीला जेवताना आग्रहाने पुरणपोळी वाढली, वर तूप जास्तीचं. हरणाऱ्या माणसाशी ते नेहमीच प्रेमाने वागत.

मितेशला पैज कळली तेव्हा हातातला पाना खाली पडला.

"अशी कशी लावलीस?" तो पहिल्यांदाच तिला एकेरी बोलला, आणि दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. "वारा फिरला का भांगातही पानी चढतं. कवा कवा."

"म्हणजे तुमचा शब्द खोटा?"

"शब्द खरा हाय, विजू. पानी लबाड हाय."

"मग पाण्याला समजावा," ती म्हणाली. खाली पडलेला पाना तिनेच उचलून त्याच्या हातात दिला.

अष्टमीला दुपारपासून दक्षिणेचा वारा सुटला.

दिवाळ्यात बातमी लपत नाही. संध्याकाळी धक्क्यावर जत्रा भरली. बायका टोपल्या उपड्या घालून बसल्या, होड्यांच्या कडांवर पोरं. सुभेदार वरच्या पायरीपाशी उभे, इस्त्रीची घडी न मोडता. विजयमाला त्यांच्याशेजारी, जांभळी साडी, ओठ घट्ट. मितेश खालच्या बाजूला आपल्या बोटीला टेकून. गोटीराम तांडेल मात्र खाडीकडे पाठ करून ओट्यावर जाळं शिवत होते. त्यांना यात काडीचाही रस नव्हता, हे ते दर मिनिटाला सांगत होते.

"बया, कुठवर आला?"

"वरून पाचवी पायरी बुडाली."

"मना काय त्याचं. नुसता विचारला."

पाणी येत होतं. इतकं सावकाश की चिखलातले खेकडे जांभया द्यायला लागले. पण येत होतं. वाऱ्याने त्याला मागून ढकलत आणलं. चौथी पायरी गेली. तिसरी ओली झाली. मितेशची बोट हलली, म्हणजे चिखलातून नुसती कुरकुरली, आणि साऱ्या धक्क्याचा श्वास अडकला. आजवर भांगात ती कधी कुरकुरली नव्हती.

"बया?"

"तिसरी गेली."

ओट्यावरची सुई थांबली.

विजयमालाने डोळे मिटले नाहीत. तिला पाडवा दिसत होता, मामाच्या ओसरीवरची सुपारी दिसत होती, तरी ती पाण्याकडेच बघत राहिली. बयाबाई म्हणते, तसं तिने बघितलं म्हणूनच पाणी पुढे यायला लाजलं.

दुसऱ्या पायरीच्या काठाला एक लाट लागली. मागे गेली. पुन्हा लागली. नारळाची एक करवंटी तरंगत तिथवर आली होती. ती थबकली, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि कुठे जावं ते न कळल्यासारखी थांबून राहिली.

"अजून येईल," सुभेदार म्हणाले.

"येऊ दे," विजयमाला म्हणाली.

कुणी हललं नाही. सूर्य खाडीच्या टोकाला टेकला. आणि करवंटी हळूच, कुणाची परवानगी न घेता, समुद्राकडे निघाली.

पाणी फिरलं होतं.

सुभेदार खाली वाकले. वरच्या पायरीवर त्यांनी पालथा तळवा ठेवला, मग सुलटा. दोन्ही कोरडे. त्यांनी हात झटकला, कपडे सारखे केले आणि ओट्याकडे चालू लागले. गर्दीने वाट दिली. गोटीराम तांडेल अजून पाठमोरेच.

"गोटीराम तांडेल आपनच?"

"मीच."

"आपन भांगात येनार होता."

"येनार होतो," गोटीराम जाळ्यालाच म्हणाले.

सुभेदारांनी टाचा जुळवल्या. "आपलं न्हाई जमलं. म्हनून मीच आलोय. भांगात." काना त्यांनी इतका लांबवला की तो पार घारापुरीपर्यंत ऐकू गेला.

गोटीरामांनी सुई खाली ठेवली. वळले. एवढा ताठ माणूस आपल्या अंगणात उभा राहून आपला शब्द आपल्यासारखाच बोलतोय, हे बघून म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. ते उठले, खांद्यावरच्या पंच्याने ओटा पुसला आणि आत बायकोला हाक दिली, "पुतला, चा टाक. सुभेदार भांगात आलं हायेत."

धक्काभर हसू फुटलं. सुभेदारांनाही मिशीत लपवता आलं नाही. ते बसले. चहा आला, सोबत तळलेल्या मांदेल्या आल्या. थोड्या वेळाने गोटीराम सुभेदारांच्या कानाशी लागून सांगत होते, "माझ्या आज्याचा आजा…" आणि सुभेदार गंभीरपणे विचारत होते, "होडीभर म्हंजे किती शेर?"

इकडे विजयमाला बोटीपाशी आली. बोट पुन्हा कुशीवर कलंडली होती. मितेश तिथेच, हात खिशात.

"तुम्ही आला नाहीत वर," ती म्हणाली.

"पाय हालत नव्हते."

"घाबरला होतात?"

"तिसरी पायरी गेली तवा मी दर्याला शिव्या दिल्या. तेरा पिढ्यांत आमच्यात कोनी दिल्या नव्हत्या." तो पाण्याकडे बघत होता. "तू नाय घाबरलीस?"

"घाबरले की. पण तुमच्या गावाने एवढी वर्षं एक शब्द सांभाळला, तो एका संध्याकाळी पडू देईल असं नाही वाटलं."

वारा पडला होता. खाडीच्या मधोमध वाळूची रेघ उघडी पडायला लागली होती. ओट्यावरून दोन्ही बाप एकदमच बोलल्याचा आवाज येत होता. कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं, म्हणजे सोयरीक झाल्यातच जमा होती.

"एक सांगू?" विजयमाला म्हणाली. "माझे वडील बोलले, तुमचे वडील बोलले, बयाबाई बोलली. गावभर पैज लागली. पण ज्याने विचारायचं, त्याने मला अजून…"

मितेशने खिशातून हात काढले. आज त्यांना ग्रीस नव्हतं, लपवायला काहीच नव्हतं. दोन-तीनदा त्याने तोंड उघडलं. आधी पुस्तकातली वाक्यं आठवून पाहिली, ती जिभेवर उभी राहीनात. शेवटी जशी आली तशीच बोलला.

"मना तुझ्याशी लगीन कराचा हाय, विजू. तुझ्या मनात… हाय का?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग मान वर करून, ओट्यावरच्या दोन्ही म्हाताऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या स्पष्ट आवाजात, बेलापूरच्या शाळेतल्या मराठीच्या बाई म्हणाल्या—

"हाय."